सलामीच्या आधीची लाथ

ही गोष्ट सांगायची मी चाळीस वर्षं टाळली, असं लिहिलं तर माझ्या घरचे हसतील. त्यांनी ती माझ्याच तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मी थांबलो तर सून स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य सांगते. लग्नाच्या पंगतीत, कचेरीच्या सहलीत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुठंही मी ती सांगितली आहे. एका कारकुनानं एका लाथेत पैलवान आडवा केला, ती गोष्ट. टाळली ती तिच्या आतली, खरी. ज्याला पाडल्याची फुशारकी मी मारत आलो तो माणूस गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास वारला. आता खरं बोलायला माझी काही हरकत नाही. माझं धाडस नेहमी असं सोय बघून येतं.

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागत होतं तेव्हा मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. अंगकाठी अशी की शर्ट माझ्या अंगावर आहे की खुंटीवर, हे लांबून ओळखू येत नसे. त्यात घर तालमीसमोर. तालमीसमोर राहणाऱ्या बारीक माणसाचं आयुष्य काय असतं हे दुसऱ्या गावच्या माणसाला कळायचं नाही. सकाळी दुधाला निघालं की तालमीच्या कट्ट्यावरची पोरं ओरडायची, "काडी, वारं सुटलंय! खिशात धोंडा टाकून हिंड की!"

अशा माणसाच्या नजरेस एक दिवस एका मंगल कार्यालयाच्या दारावरची पाटी पडली. 'तायक्वांदो. कोरियाची युद्धकला. शरीर नव्हे, मन जिंका.' शरीर माझ्याकडे नव्हतंच, त्यामुळं मजकूर लगेच पटला.

वर्ग भरायचा त्या कार्यालयाच्या गच्चीवर. लग्नाचा मोसम नसला की रोज, आणि असला की वऱ्हाडाच्या सोयीनं. शिकवणारे सर दिवसा टायपिंगचे क्लास घ्यायचे. हे शास्त्र ते पुण्याला शिकून आले होते. किती दिवस, कुणाकडं, हे आम्ही विचारलं नाही. पट्टा काळा होता, आम्हाला तेवढं पुरे होतं. ते मराठीत रागवायचे आणि कोरियनमध्ये मोजायचे. 'हाना, दुल, सेत, नेत' असं आम्ही घसा फोडून ओरडत हवेला लाथा मारायचो. पहिल्याच आठवड्यात खालचा आचारी हातात झारा घेऊन वर आला. "कुणाला हाणायलाय वो? खाली बायकापोरं हाईत."

गणवेश कोल्हापुरात मिळत नव्हता. मी फोटो घेऊन शिंप्याकडं गेलो.

"बटनं कुठं लावायची?" त्यानं विचारलं.

"बटणं नसतात."

"मग प्वाट दिसंल की!"

"वरून पट्टा बांधायचा असतो."

"पट्टा सुटला मंजी?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं, आणि न विचारता आतून दोन बंद लावून दिले. मांजरपाटाचा तो पोशाख पहिल्या धुण्यात आटला. उरलेल्या कारकिर्दीत माझ्या पोटऱ्या उघड्याच राहिल्या.

युद्धकलेतली माझी प्रगती एका वाक्यात सांगता येते. माझा पाय कमरेच्या वर जात नसे. सर म्हणायचे, "मन वर न्या, पाय आपोआप जाईल." मन वर जायचं. पाय होता तिथंच राहायचा. एकदा त्याला जबरदस्तीनं मनाच्या मागं धाडलं, तेव्हा जांघेत असं काही तटकन तुटल्यासारखं झालं की दोघांनी धरून मला घरी आणलं.

त्या दिवशी माझा पाय चोळायला आला तो समोरच्या तालमीतला पैलवान. तो सीमेकडच्या एका खेड्यातला. मिसरूड फुटायच्या आधीपासून तालमीत राहायला होता. घरून एसटीनं पीठ आणि तुपाची बरणी यायची. मेहनत झाली की तो आमच्या ओट्यावर रेडिओ ऐकायला बसायचा. वयानं माझ्याएवढाच. सगळ्या तालमीत मला 'काडी' न म्हणणारा तो एकटा. तो 'काडीपैलवान' म्हणायचा. हा मान होता.

तिळाचं तेल कोमट करून त्यानं माझी मांडी हातात घेतली, आणि मी जे ओरडलो ते कुठल्याच भाषेत मोजण्यासारखं नव्हतं.

"गप रं. ह्यो पाय वर करायचा नाद कशापायी लावून घेतलास? देवानं पाय चालाय दिलेत."

"ही कला आहे. तुला नाही कळायची."

"आसंल बाबा. पर शिरा वढल्यात बघ. उद्या हाफिसाचा जिना कोण चढणार, कोरियावाला?"

पंधरवडाभर तो रोज येत होता. पाय बरा झाला तेव्हा त्यानं मला ओट्यावर उभं करून लाथ मारायला लावली आणि आपल्या बरगडीच्या खाली तळहात ठेवून दाखवला. "हितवर येतोय. ह्याच्या वर तुजा पाय न्हाय जायचा, लिहून घे. पर हितवर आला त्येबी लई झालं."

एव्हाना वर्गात सर धरून चारजण उरले होते. सर खचले होते. तेवढ्यात गणपती आले आणि पेठेतल्या मंडळाच्या अध्यक्षाला कल्पना सुचली. मंडळाच्या अध्यक्षाला कल्पना सुचली की पेठेत कुणाचं तरी नुकसान ठरलेलं असायचं. "दरसालचं तेच ते कार्यक्रम. औंदा तुमचं कोरिया आन् आमची तालीम, हून जाऊ दे की समोरासमोर!" सरांना त्यात नवे विद्यार्थी दिसले, मला माझा पोशाख दिसला, आणि आम्ही हो म्हटलं.

तालमीचे वस्ताद मात्र तयार नव्हते. म्हातारे, मोजकं बोलणारे, पेठेत ज्यांच्यासमोर सायकलवरून कुणी जात नसे, उतरून हातात धरून जायचे, असे. म्हणाले, "ख्योळ न्यारा, कायदा न्यारा. जितला कोण आन् हारला कोण, कुणी ठरवायचं?"

तेव्हा माझा दोस्तच मध्ये पडला. "वस्ताद, दोस्तीत खेळतो. दोन-चार मिंटं. त्येची लई हौस हाय."

वस्तादांनी आम्हा दोघांकडं बघितलं. "खेळा. पर तालमीच्या मातीवर खेळायचं तर तालमीची रीत पाळायची. सलामी झाल्याबिगर कुणी कुणाच्या अंगाला लागायचं न्हाय. व्हय का रं, समोरवाल्या?"

"व्हय," मी म्हणालो.

सलामी म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मल्यापासून समोर बघत होतो. दोघांनी वाकून माती कपाळाला लावायची, मग हातात हात द्यायचा. हात हाताला लागला की कुस्ती सुरू. त्याआधी समोरचा हा पाहुणा असतो. वाकलेल्या पैलवानाचं लक्ष मातीकडं असतं आणि मान उघडी असते. तेवढा वेळ तो समोरच्याच्या भरवशावर असतो. इतक्या दांडग्या माणसांच्या धंद्यात एवढी एकच नाजूक जागा होती, आणि ती पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती.

आमच्या सरांना मात्र ती माहीत नव्हती. ते ब्रह्मपुरीतले, टायपिंगवाले. त्यांच्या शास्त्रात पंचानं 'शिजाक' म्हटलं की खेळ सुरू. कुस्ती सुरू कशानं होणार, सलामीनं की शिजाकनं, हे ठरवायचं कुणालाच सुचलं नाही. मंडप, माईक, हार, नारळ सगळं ठरलं होतं.

शाळेच्या पटांगणावर तालमीतली तांबडी माती आणून पसरली होती. गर्दी अशी की कंपाउंडच्या भिंतीवरही माणसं. मी पांढऱ्या आखूड पोशाखात, तो लंगोटात. पंच दोन, सर आणि वस्ताद. आणि नेमके आम्ही आखाड्यात उतरलो तेव्हा तासभर उशिरा आलेले प्रमुख पाहुणे फाटकातून आत शिरले. माईक किंचाळला, फटाक्यांची माळ लागली, सगळं पटांगण टाचा उंचावून तिकडं वळलं. अध्यक्षानं वस्तादांच्या दंडाला धरून त्यांना हार घालायला जवळजवळ ओढतच नेलं.

सर मात्र शिस्तीचे. कार्यक्रमपत्रिकेत आमचीच वेळ होती. ते ओरडले, "शिजाक!"

माझा दोस्त तेव्हा वाकला होता. त्याचा उजवा हात मातीत होता. मी वाकलो नव्हतो. मला सगळं दिसत होतं, हे मी इथं स्पष्ट लिहितो. मी गोंधळलो नव्हतो, घाबरलो नव्हतो, मला हुकूम ऐकू आला म्हणून पाय उचलला असंही नाही. मला एवढंच वाटलं की हा उभा राहिला तर मी पुढच्या मिनिटाला मातीत असेन आणि पोटऱ्या उघड्या असलेल्या माणसाचं हसं सबंध पेठ वर्षभर पुरवून खाईल. मी लाथ मारली. ती त्याच्या डाव्या कानावर बसली. तो कुशीवर पडला आणि लगेच उठला नाही.

फटाके संपून लोक वळले तेव्हा त्यांना दिसला तो एवढाच देखावा. पैलवान आडवा आणि काडी उभी.  मग जो गलका झाला त्यात मला कुणीतरी उचललं. मला आयुष्यात त्याआधी कुणी उचललं नव्हतं, जांघेचं झालं ते सोडून. खांद्यावर बसल्यावर आपली पेठ वेगळी दिसते. प्रमुख पाहुण्यांनी, ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं, स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला आणि स्वसंरक्षणाचं महत्त्व या विषयावर बराच वेळ भाषण केलं.

भाषण संपायच्या आत वस्ताद माणसं बाजूला सारत आले. लोकांनी मला खाली ठेवलं. माझा दोस्त कानाला हात लावून उभा होता.

"वस्ताद, मी वाकलो हुतो," तो म्हणाला. "सलामी झाली न्हाय."

वस्तादांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मी शिजाक म्हटलं होतं." हे शब्दशः खरं होतं. आमचे सर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी फक्त विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

मग वस्ताद माझ्याकडं वळले. "तू शिकलेला हाईस. समोर ऱ्हातोस. माज्या डोळ्यादेखत मोठा झालास. तू सांग. सलामी झालती?"

हार अजून गळ्यात होता. भोवती सगळी पेठ होती. कट्ट्यावरची ती पोरं होती, आणि ती पहिल्यांदाच माझ्याकडं खालून वर बघितल्यासारखी बघत होती.

"झाली होती, वस्ताद," मी म्हणालो.

वस्ताद दोस्ताकडं बघून म्हणाले, "हारलास त्येचं काय न्हाय रं. समदीच हारत्यात. कारनं सांगू नगंस."

"कारन न्हाय वस्ताद. न्हायच झाली सलामी."

"अजून?"

"न्हाय झाली."

"मग उद्यापासनं तू मातीत उतरायचं न्हाय," वस्ताद म्हणाले.

त्यानं एकदा 'चुकलो' म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. वस्ताद त्याचीच वाट बघत होते, हे मलासुद्धा कळत होतं. पण तो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्याची ट्रंक घेऊन तालमीतून बाहेर पडला. जत्रांचे दिवस तोंडावर होते, गावोगावच्या फडांवर त्याच्या कुस्त्या ठरल्या होत्या. त्या दुसऱ्याला गेल्या. हरल्यावर सबबी सांगणारा म्हणून नाव झालेल्या पैलवानाला दुसऱ्या कुठल्या तालमीनंही घेतलं नाही. तो जाताना मी आमच्या खिडकीच्या पडद्याआड उभा होतो. त्यानं आमच्या घराकडं बघितलं नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

आता एक साधी गोष्ट. माझा पाय कमरेच्या वर जात नाही हे वर्गाला माहीत होतं, सरांना माहीत होतं, चोळणाऱ्याला तर इंचासकट माहीत होतं. उभ्या पैलवानाच्या कानावर माझी लाथ बसायची तर एक तर मी माडीवर उभा पाहिजे, नाहीतर तो वाकलेला पाहिजे. एवढा साधा हिशोब सगळ्या कोल्हापुरात कुणाला सुचला नाही. ज्यांना सुचला असेल ते वर्गाची फी भरून रांगेत उभे होते. गच्ची पुरेना, म्हणून सरांनी एका शाळेचा हॉल घेतला. मला परीक्षेशिवाय पिवळा पट्टा मिळाला, आणि पुढं हिरवाही, तोही बहुतेक कानाच्याच जोरावर. मग लग्न ठरलं आणि मी युद्धकलेतून सन्मानानं निवृत्त झालो. सासऱ्यांना ती गोष्ट स्थळासोबतच कळवली होती.

गोष्ट वाढत गेली. माझं वजन वाढलं त्याच्या दुप्पट वेगानं पैलवानाचं वाढत गेलं. बदली होईल तिथं ती माझ्याआधी पोचायची, आणि नवे साहेब पहिल्या दिवशी खुर्ची देऊन विचारायचे, "तेच का तुम्ही?" मी लाजल्यासारखं करायचो. लाजणं मला छान जमायचं. वस्ताद गेले तेव्हा मी मुद्दाम रजा काढून खांदा द्यायला गेलो. लोक म्हणाले, एवढं नाव झालं पण माणसाला गर्व नाही.

आणि तो? त्याला कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात, उसाच्या गाड्या येतात त्या आवारात काम मिळालं. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, पण गाड्या हाकायला कान लागत नाहीत. हे मला लोकांकडून कळलं. त्या बाजूला बसनं जाताना कारखाना आला की मी नेहमी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचो. दुसऱ्या बाजूला नुसतं शेत होतं. ते मला पाठ झालं.

निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, म्हणजे घरात ती गोष्ट नव्यानं ऐकणारं कुणी उरलं नाही तेव्हा, मी त्याच्याकडं जायचं ठरवलं. बसमध्ये वाक्य तयार केलं. लहान केलं, कारण लांब वाक्यात मी सटकतो हे मला माहीत आहे. 'तू खरं बोलत होतास, मी खोटं बोललो, मला माफ कर.' बावड्यापर्यंत घोकत गेलो.

घर नीटनेटकं होतं. तो ओसरीवर खाटेवर बसला होता. तेवढाच रुंद, फक्त वरून सैल झालेला. त्यानं मला ओळखायला वेळ लावला नाही.

"या पावणं," तो म्हणाला. पूर्वीचं 'काय रं' गेलं होतं.

मी उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडं बसलो. म्हटलं आता. तेवढ्यात मुलगा बाहेर आला, सून आली, शेजारचे दोघेजण आले. म्हातारा मुलाला म्हणाला, "हे वळखलं का? ज्येंनी मला लोळीवलं हुतं, ते हे."

"आरं तिच्या!" मुलगा खाली बसला. "तुमी हाय व्हय ते! आबा लई सांगत्यात तुमचं. बारीक हुतं पर लई चपळ, म्हंत्यात. कसं झालं सांगा की तुमच्या तोंडनं!"

आणि मी सांगितली. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहायला हवं. माफी मागायला गेलेल्या मी त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्याच पोराला ती गोष्ट सांगितली, पाहुण्यांच्या हारापर्यंत, लोक हसतात त्या जागी थांबत थांबत. सवय अशी असते. तो मान खाली घालून ऐकत होता आणि अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होता, जसा मी सांगतोय तो कुणा दुसऱ्याचाच प्रसंग.

सगळे हसून झाल्यावर सून म्हणाली, "पर मामंजी, तुमास्नी तालमीतनं काडलं ते सलामीवरनंच न्हवं? ती झालती का न्हवती, त्येच कदी नीट कळलं न्हाय."

 त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी दिलं की नाही हे बघावं, तसं. तेवढा वेळ त्यानं मला दिला होता, आणि त्यात माझं सबंध वाक्य दोनदा बसलं असतं.



"झालती की," तो सुनेला म्हणाला. "माजंच ध्यान न्हवतं. जा, पावण्यास्नी दूद आन."

दूध आलं. म्हशीचं, वर सायीचा जाड थर. मी ते सगळं प्यालो. निघताना तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत आला. मुलगा गाडीला हात करायला रस्त्यावर गेला आणि आम्ही दोघंच उरलो. आसपास कुणी नव्हतं, फटाके नव्हते, वस्ताद नव्हते. तो माझ्या तोंडाकडं बघत वाट बघत होता. मी तोंड उघडलं.

"दूध फार छान होतं," मी म्हणालो.